शेपटीवरचा धनेश

आफ्रिकेतल्या त्या चिमुकल्या देशाची राष्ट्रीय विमानकंपनी म्हणजे एकच विमान, आणि तेही भाड्याचं. ते ज्यांनी भाड्यानं दिलं, त्या हूफडॉर्प या डच गावातल्या कंपनीत पुण्याचा यतीन इंजिनियर होता. विमानाच्या शेपटीवर देशाचा पक्षी, धनेश, काढून द्यायचा होता. यतीननं डोकं चालवलं: रंग कशाला, स्टिकर लावू. असल्या कंपन्या टिकतात किती? बुडाली की दुपारभरात सोलायचा आणि विमान दुसऱ्याला द्यायचं. बॉसनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. जवळच्या हार्लेमला घरी आल्यावर ही हुशारी त्यानं बायकोला, नीरजाला, सांगितली.

"बारशालाच तेराव्याची तयारी केलीस की रे," ती म्हणाली.

"प्रॅक्टिकल असावं लागतं गं."

विमान न्यायला कॅप्टन मुकासा आले. जन्मभर दुसऱ्यांच्या देशांची विमानं उडवलेला माणूस, आता घरच्या विमानासाठी आलेला. शिडीवर चढून त्यांनी धनेशावरून हात फिरवला. चोचीपाशी बोट अडलं.

"पेंट आहे ना?"

"हो, नवीन प्रकारचा आहे," यतीन म्हणाला.

मग त्यानं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मनात चोर असला की पूजा जरा जास्तच भक्तिभावानं होते.

दोन वर्षं विमान उडालं. मग एका इंजिनाचा भाग बिघडला. तो बदलून द्यायचा कुणी, यावर हूफडॉर्पमध्ये महिनाभर मीटिंगा झाल्या, बिस्किटं संपली, पण तो भाग काही गेला नाही. एकुलतं एक विमान जमिनीवर बसल्यावर कंपनीचं दुसरं काय होणार? ती बंद पडली. तेव्हा कुठे इंजिन दुरुस्त झालं, कारण आता विमान परत आणायचं होतं. ते कॅप्टन मुकासांनीच आणलं.

हँगरमध्ये शेपटी सोलायचं काम यतीनकडेच आलं. कॅप्टननी निघून जावं, त्यांच्यासमोर आपलं खोटं उघडं पडू नये, एवढंच त्याला वाटत होतं. पण ते खुर्ची ओढून बसले. कामगारांना नखानं धरायलाही टोक सापडेना, कारण दोन वर्षांत स्टिकरची एकही कड सुटली नव्हती. अखेर गरम हवा मारून त्यांनी धनेश चोचीपासून सोलायला घेतला. यतीनला मान वर करवेना.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," कॅप्टन म्हणाले. "शेपटीवर पाण्याचा जोराचा फवारा कुणाला मारू दिला नाही मी. कडा सुटल्या असत्या. स्वतः मऊ फडक्यानं पुसायचो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुम्ही आम्हाला आधीच बुडीत धरलं होतंत. म्हटलं, टिकून दाखवू."

यतीनला माफी मागायची होती. "कॉफी घेणार?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"नको," म्हणून ते उठले.

महिन्याभरात त्याच विमानावर दुसऱ्या एका नव्या देशाचा सिंह चढला. तिथला तरुण कॅप्टन शिडीवर चढला, त्यानं आयाळीवरून हात फिरवला आणि खाली वाकून विचारलं, "पेंट आहे ना?"

बॉस शेजारीच उभा होता. यतीनच्या खिशात लिंबू तयार होतं.

"हो," यतीन म्हणाला. "फक्त शेपटीवर फवारा मारू नका. मऊ फडक्यानं पुसा."