तारेवरचा थर

ठिसूळ धातूला चिवट करायचं काम आमच्याकडे चालतं असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. मी त्यांना दोष देत नाही. टंगस्टन आहेच तसा नकोसा. आगीत बाकीचे धातू पाणी होतात तेव्हा हा पठ्ठ्या ताठ उभा असतो, पण निवल्यावर जरा कुठे चीर पडली की काचेच्या बशीसारखा आरपार फुटतो. म्हणून आम्ही त्याच्याच बारीक तारा घेतो, जेमतेम दोन केसांएवढ्या जाड. त्यांच्यावर दुसऱ्याच एका पदार्थाचा अतिशय पातळ लेप देतो, त्या चौकटीवर गुंडाळतो, टंगस्टनच्या भुकटीत पुरतो, तापवतो, दाबतो आणि प्लेट काढतो.

लेपाचं काम एकच. तारेला भोवतालच्या धातूशी घट्ट चिकटू द्यायचं नाही. चीर तारेपर्यंत आली की लेपापाशी अडखळते, वळते, तारेच्या कडेकडेने भरकटते. तार थोडी सरकते, ओढली जाते, पण धरून ठेवते. प्लेट फुटायला वेळ लावते आणि तेवढ्या वेळात माणसाला मापकाचा काटा हललेला दिसतो, भट्टी बंद करता येते.

सत्ताविसाव्या प्लेटने वेळ लावला नाही.

ती चाचणीच्या भट्टीत बसवली होती. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला थंड पाणी. सकाळी अकराच्या सुमाराला भट्टीची आच उतरवायला घेतली आणि प्लेट एका दमात तडकली. पाणी आत गेलं, त्याची वाफ झाली, दार उडालं. दाराशी भट्टीवाला उभा होता. त्याला आम्ही घड्याळ म्हणायचो, कारण तो जेवायला उठला की एक वाजलेला असायचा, घड्याळ बघायची गरज नसायची. इस्पितळात तीन दिवस काढून चौथ्या दिवशी तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

तुटलेल्या वस्तू बघणं हा माझा धंदा. घरात कप फुटला तरी मी आधी तुकडे निरखते आणि मग ओरडते. तारा गुंडाळण्याचा आणि तपासणीचा असे दोन्ही विभाग माझ्याकडे आहेत, म्हणजे दोन्हीकडच्या शिव्याही माझ्याकडेच. सत्ताविसाव्या प्लेटचा तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एरवी तुटलेल्या कडेवर तारांची टोकं बाहेर आलेली दिसतात, वेडीवाकडी, लांब-आखूड. इथे सगळं सपाट. सुरीने कापावं तशी चीर धातूतून आणि तारांतून सरळ पुढे गेली होती. तारेभोवती लेपाचं नाव नव्हतं.

भट्टीत बसवायच्या आधी या प्लेटची एक पट्टी ओढून पाहिली होती. तिचा आकडा नेहमीपेक्षा जास्त आला म्हणून मोठे साहेब खूश झाले होते. सगळं घट्ट बसलं की आकडा वाढतोच. ती पट्टी तुटली कशी, ते त्यांनी पाहिलं नाही आणि, खरं सांगते, मीही पाहिलं नाही.

लेप नाही म्हटल्यावर साहेबांनी क्षणाचाही उशीर न लावता लेपवालीवर खापर फोडलं. ती आमच्याकडे सहा वर्षं एकटीच लेप देते. बोलते इतकी कमी की नवी माणसं तिला मुकी समजतात. "तारांची एक जुडी तशीच पुढे सोडली असणार," साहेब म्हणाले. "चौकशी अधिकारी उद्या येतायत. निलंबन तर आजच, पुढचं पोलीस बघतील."

लेपवाली माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिच्या हातात तिचीच वही होती.

"ताई, मी खरंच विसरले असेन का हो? सारखं आठवून बघते. आता तर मला तो दिवसच आठवेनासा झालाय."

"बस इथे. आणि रडू नकोस, मला सुचत नाही मग," मी खेकसले. सांत्वन मला जमत नाही, नाकावर राग घेऊनच जन्मले मी.

वहीत प्रत्येक जुडीचं लेपाआधीचं आणि लेपानंतरचं वजन होतं. सत्ताविसाव्या प्लेटची जुडी लेपानंतर नीट भरली होती, उलट एरवीपेक्षा कणभर जास्तच. म्हणजे लेप बसला होता, आणि थोडा जाड बसला होता. साहेब म्हणणार, आकडे काय सवयीनेही लिहिता येतात. पण माझं डोकं पुढे धावलं होतं. लेप दिला आणि प्लेटमध्ये नाही, तर तो मधल्या वाटेत गेला. लेपखोली आणि दाबयंत्र यांच्या मधे एकच टेबल येतं, तारा गुंडाळायचं. त्या टेबलावर चार महिन्यांपासून माझे वडील बसत होते.

मीच त्यांना लावलं होतं. चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, पाठ गेली म्हणून घरी बसला आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकातल्या चुका काढायला लागला. हात मात्र अजून दगडासारखे स्थिर. म्हटलं, गुंडाळा तारा, तुमचाही जीव रमेल आणि माझीही सुटका.

अपघातानंतर काम बंदच होतं. मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. आत तारांचे उरलेले तुकडे त्यांनी नीट कागदात बांधून ठेवले होते. सव्विसाव्या प्लेटचे तुकडे मळकट राखाडी. सत्ताविसाव्याचे लखलखीत. खालच्या फळीवर आम्लाचा ट्रे होता, धुऊन पालथा घातलेला, आणि त्यावर वाळत टाकलेलं फडकं.

एक लखलखीत तुकडा मी रुमालात गुंडाळून घेतला.

घरी गेले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी लखलखीत तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

"ही तार तुम्ही पुसली?"

"पुसली? चांगली आंघोळ घातली तिला!" ते हसले. "त्या खेपेला जुडी कशी आली होती, पाहिलीस का? निळी-जांभळी. भाजल्याचा रंग तो, मी काय ओळखत नाही? तसल्या धातूवर जोड बसतो होय? आम्लात बुडवली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली. दोन दिवस गेले. तुझ्या त्या पोरांना सांगून कळणार नाही, पण काम असं करतात, मिरचे."

मला ते लहानपणापासून मिरची म्हणतात.

वेल्डरच्या डोळ्याला तो रंग भाजल्याचाच वाटणार. तापलेल्या पोलादावर अगदी तसाच रंग चढतो आणि तो काढल्याशिवाय जोड धरत नाही, हे त्याला पहिल्या वर्षी शिकवतात. लेप कणभर जाड झाला की तोही तसाच निळा-जांभळा झळकतो. आमच्या कारखान्यात दुसऱ्या कुणीही ती जुडी तशीच गुंडाळली असती. चांगला कारागीर होता म्हणून त्याने ती साफ केली.

"बाबा, तो लेप होता."

"कसला लेप?"

मी सांगितलं. चिकटू नये म्हणून देतात, चीर अडावी म्हणून. ते ऐकत होते आणि हातातली पाकळी सोलून झाली तरी तिच्यावरून नख फिरवत होते.

"म्हणजे सुटं राहायला हवं होतं ते."

"हो."

"आणि मी बसवलं."

मी लखलखीत तुकडा उचलून मुठीत घेतला.

"आयुष्यभर जोड सुटला म्हणून शिव्या खाल्ल्या," ते म्हणाले. "आता जोड बसला म्हणून माणूस गेला."

मग त्यांचा आवाज चढला. "अगं पण मग मला कुणी सांगितलं का नाही? मी तुला विचारलं होतं! जुडी हातात घेऊन तुझ्या दारात उभा होतो मी. म्हटलं, ही रंग धरलेली दिसते, साफ करू का? तू फोनवर होतीस."

मला ते दिसलं. दारात बाबा, हातात जुडी. फोनवर भुकटीवाला, त्याने तिसऱ्यांदा माल लांबवला होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, बाबा, चाळीस वर्षं काय केलंत मग? तार कशी तयार करायची ते आता मी सांगायचं का तुम्हाला?"

शब्द माझेच होते. मी अशीच बोलते. बाबांशी, लेपवालीशी, फोनवरच्या माणसाशी, सगळ्यांशी. लोक म्हणतात, तिखट आहे पण मनाची चांगली आहे, आणि इतकी वर्षं मला त्या म्हणण्याचा थोडा अभिमानच होता. त्या क्षणी मला माझ्या जिभेची किळस आली.

"उद्या मी सगळं सांगते," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं होतं हेही सांगते."

बाबांनी लसणाची सालं गोळा केली आणि केराच्या डब्यात टाकली. "आधी त्या लेपवाल्या पोरीला मोकळी कर," ते म्हणाले. "तिच्या पोटावर पाय नको."

त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही. भांडलोही नाही, आमच्या घरात ही त्याहून मोठी गोष्ट.

चौकशी साहेबांच्या बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, पंखा, पाण्याचे पेले. मधोमध बाहेरून आलेले अधिकारी, शेजारी त्यांचा कारकून, मग साहेब, मग मी. भिंतीकडच्या खुर्च्यांवर लेपवाली होती आणि दोन खुर्च्या सोडून घड्याळची बायको, भावाला घेऊन आलेली. बाबा शेवटच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

मी तुकडे मांडले. राखाडी आणि लखलखीत. वहीतली वजनं वाचून दाखवली. लेप दिला गेला होता आणि गुंडाळण्याच्या टेबलावर तो आम्लाने निघाला, हे सांगितलं तेव्हा माझा आवाज ठीक होता. अधिकारी हुशार होते, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते लेपवालीकडे वळून म्हणाले, "तुमच्यावर काही नाही, बाई." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहेब पेल्यातलं पाणी प्यायले.

"गुंडाळायला कोण होतं?"

बाबा उभे राहिले. "मी."

"तारा आम्लात कुणी धुतल्या?"

"मीच. मला तो भाजल्याचा रंग वाटला."

"तसं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"धुण्याआधी कुणाला विचारलंत?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. वाक्य रात्रभर घोकून तयार होतं, त्यांनी मला विचारलं होतं, साहेब. पण बाबा माझ्या आधी बोलले, आणि तेही मोठ्याने, एखाद्या बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

"नाही. कुणालाच नाही. मला वाटलं, मला येतं सगळं."

कारकुनाचं पेन चाललं. मग घड्याळच्या बायकोने मान वर केली. ती चिडलेली नव्हती, ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणाली, "एकदा विचारायचं तरी होतं हो कुणाला."

बाबांनी तिच्यासमोर हात जोडले. माझ्या वडिलांना मी कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. "चुकलं, बाई. विचारायला हवं होतं."

अधिकारी माझ्याकडे वळले. "विभागप्रमुख म्हणून तुम्हाला यात काही जोडायचंय?"

कारणं मी नंतर पुष्कळ जमवली. बाबांचं वय बघून त्यांना फार काही करणार नाहीत. माझी नोकरी गेली तर घर कसं चालायचं. त्यांनीच तसं ठरवलं, मी मधे पडून त्यांना खोटं कसं पाडू. पण तेव्हा, त्या टेबलाशी, यातलं एकही कारण माझ्या मनात नव्हतं. होती ती फक्त भीती, आणि त्या बाईची माझ्यावर वळलेली नजर. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते मुद्दामच बघत नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

कारकुनाने तेही लिहिलं. कागद आधी बाबांपुढे सरकवला, त्यांची सही झाल्यावर माझ्यापुढे.