पुतळीकाकीचं मत

दोनशे मतांनी हरलेला माणूस घरी जातो, आंघोळ करतो आणि ताणून देतो. दोन मतांनी हरलेल्याला झोप लागत नाही. तो ती दोन माणसं शोधायला निघतो. नीलकंठ मास्तरांना हे पासष्टीनंतर कळलं, आणि तेही स्वतःच्याच पक्षाकडून.

सत्त्याण्णव सालची ग्रामपंचायत. पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, जागा नऊ. मास्तर छत्रीवाल्यांचे पुढारी. आता पुढारी कसले, रोह्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून परत आलेला सरळ माणूस; भांडण मिटवतो म्हणून लोकांनी पुढं केलेला. समोर कपबशीवाले. चार-चार जागा झाल्या आणि नववी, मिठागराचा पाडा आणि मास्तरांची आळी मिळून असलेली, कपबशीनं दोन मतांनी मारली. पंचायत गेली.

मोजणी पेणला झाली. छत्रीच्या बाजूनं टेबलाशी मास्तर स्वतः होते. त्या जागेची पाच मतं बाद ठरली, ती साहेबांनी एकेक करून दाखवली. एक कोरंच होतं. बाकी चारांवर छत्रीपुढं शिक्का अगदी ठसठशीत, आणि शिक्क्याच्या शेजारी अंगठा. मत कुणाचं ते ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद. नियम साफ होता. मास्तरांनी मान हलवली.

अंगठे कुणाचे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मिठागरावर जन्म घातलेली म्हातारी माणसं ती. आठवड्याची मजुरी अंगठ्यावर घेतलेली. बिनअंगठ्याचा कागद म्हणजे रद्दी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. खोलीत शिरताना अधिकाऱ्यानं यादीवर अंगठा घेतलेला, शाई ओलीच होती. लावला कागदावर. बिचाऱ्यांनी जास्तीचं इमान दाखवलं आणि तेच नडलं.

मास्तर गावात परतले तोवर हिरामणनं आग पेटवली होती. हिरामण म्हणजे पाड्यावरच्या, मिठागरात राबलेल्या पुतळीकाकीचा मुलगा. नागोठण्याच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचा, आणि उरलेला वेळ पक्षाला द्यायचा. पोर मेहनती, पण डोक्यात राख घालून घेतलेली. पक्षातली सगळी गरम डोकी त्याच्यामागं. आजवर ती पाच-सहा होती. दोन मतांच्या त्या हरण्यानं तीन दिवसांत दुप्पट झाली. दोनशेनं पडलो असतो तर हिरामणचं कुणी ऐकलं नसतं, हे मास्तरांना कळत होतं. थोडक्यात हुकलं की माणसाला वाटतं, जरा आणखी जोर लावायला हवा होता.

रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात सभा भरली.

"आपण हरलो नाय," हिरामण म्हणाला. "आपण मऊ पडलो. मास्तर त्या एलिजाच्या गिरणीत बसून चहा पितात, नि एलिजा कपबशीच्या अर्जावर सूचक म्हणून सही करतो. आता आपलं दाणाभर भात त्याच्या गिरणीत जायचं नाय. भरडायचं तर पेणला न्या."

एलिजा म्हणजे गावात उरलेलं शेवटचं बेने इस्रायली, ज्यू घर. भाऊबंद सगळे तिकडं इस्रायलला गेले. एझ्रा, धाकटा भाऊ, दर पत्रात 'तू पण ये' म्हणून लिहायचा. एलिजा जात नव्हता. शनिवारी गिरणी बंद, बाकी सहा वार चालू, आणि शाळेतल्या पहिल्या बाकापासून मास्तरांचा मित्र. दिवाळी होऊन गेली होती, नवं भात घरात आलेलं. हंगामालाच गिरणी बसली तर एलिजा गावात राहणार कशावर?

"आमच्या पाड्यावरचं एक मत फुटलं नाय," हिरामणचा आवाज चढला. "फुटली ती मास्तरांच्या आळीतली."

मास्तर उठले. शब्द अगदी जिभेवर होते: फुटली कुणाचीच नाहीत बाबा, चार बाद झाली, तुझ्याच पाड्यावरची, ती धरली असती तर आपण जिंकलो असतो. एवढं बोलले असते तर तिथल्या तिथं हिरामणची हवा निघाली असती. पण त्याआधी पायरीवर बसलेली पुतळीकाकी उभी राहिली. कधी सभेत न बोललेली बाई, पदर सावरून बोलली.

"हिरामण सांगतो ता खरा हाय. आमचं मत कसं फुटंल? शिक्का मारला नि अंगठाबी दिला मी. म्हटलं, पक्कं होऊ दे. या तिघींनीबी दिला." शेजारच्या तिन्ही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "मास्तर, तुमी होता ना मोजायला? आमचं मत लागलं ना?"

हिरामणचा चेहरा उतरला. तो मतदानाच्या दिवशी पक्षाचा माणूस म्हणून केंद्रात बसलेला, नियम वाचलेला. त्याला कळलं. आणखी कुणाला कळलं नाही.

मास्तरांनी त्या बाईकडं पाहिलं. अंगठा तिनं अजून वर धरला होता, नखाच्या कडेला निळसर डाग राहिलेला. साठ वर्षं तिच्या अंगठ्यावर दुसऱ्यांनीच मजुरी मापली होती. पहिल्यांदा तिला वाटत होतं की आपल्या अंगठ्यानं काहीतरी घडलं. मास्तरांचा जीव तुटला.

"लागलं, काकी," ते खाली बघत म्हणाले, आणि बसले.

हात वर झाले. बहिष्काराच्या बाजूनं अकरा, विरोधात नऊ. पुढारीपण हिरामणकडं गेलं. इथंही फरक दोघांचाच होता, पण ते दोघं शोधायला कुणी निघालं नाही.

बांधावरून घरी जाताना हिरामणनं सायकल आडवी घातली.

"खोटं का बोललात?"

"तुझ्या आईला चारचौघांत काय सांगू? तुझ्या मतामुळं पडलो म्हणून?"

हिरामण घंटीशी चाळा करत राहिला. "मीच तिला बोललो होतो, आये, काम पक्कं कर म्हणून."

"मग बहिष्कार मागं घे."

"आता नाय जमायचं, मास्तर. चार दिवस मी यांना चेतवलंय. आता मागं सरलो तर मलाच मऊ म्हणतील, नि माझ्याहून गरम दुसरा उभा करतील." पोरगा खरं बोलत होता, आणि मास्तरांना त्याचा राग यायचा तर कीवच आली.

बुधवारपर्यंत गिरणीत कुत्रं फिरकलं नाही. कपबशीवाल्यांनीही भांडण नको म्हणून पेणची वाट धरली, मोठे शूर! एलिजा इंजिनावरची धूळ पुसत होता.

"आपले सातही वार आता शनिवार झाले, नीलकंठा," तो म्हणाला. "एझ्राला पत्र लिहायला घेतलंय."

मास्तरांना तोंड वर करवेना. एका म्हातारीचं मन राखलं आणि मित्राचं घर घालवलं. आपण चांगलं केलं की नुसता भेकडपणा केला, हे त्यांना तीन दिवस ठरवता आलं नव्हतं. त्यांनी एलिजाला सगळं सांगितलं, चारही अंगठे. एलिजानं हातातलं फडकं इंजिनावर टाकलं. मग म्हणाला, "मीपण 'लागलं'च म्हटलं असतं."

तेवढ्यात दारात सावली पडली. पुतळीकाकी. डोक्यावर भाताची पाटी, मागं त्या तिघी, त्यांच्याही डोक्यावर पाट्या.

"काकी, बहिष्कार हाय ना?" एलिजा चाचरत म्हणाला.

"तो पार्टीचा. मी कुठं पार्टीत हाय? मी मत दिलंय." तिनं पाटी उतरवली. "आमच्या मतानं कुणाची चूल विझवायला आमी अंगठा नाय दिला. हिरामणला सांगूनच आले. चिडला, पण पाटी त्यानंच डोक्यावर चढवून दिलीन."

एलिजानं वळून इंजिनाला हँडल लावलं. पट्टा फिरायला लागला, तूस उडायला लागलं. काकी पदरानं घाम पुसत मास्तरांच्या जवळ आली. आवाजात जरा धाकधूक होती.

"मास्तर, त्या दिशी तुमी खाली बघून बोलला. खरं सांगा. माझं मत लागलं ना?"

मास्तरांनी जात्याखाली पडणाऱ्या पहिल्या तांदळाकडं पाहिलं, आणि मग सरळ तिच्या डोळ्यांत.

"लागलं, काकी," ते म्हणाले. या वेळी ते खोटं बोलत नव्हते.