उरलेल्या चीजचा नैवेद्य

सासूबाईंना मी डोळ्यांसमोर नको असते आणि मलाही त्या नको असतात. त्या धोंडुबाई, आटपाडीच्या माळावर शेरडांमागे हयात गेलेली बाई. मी पल्लवी, लग्नाआधी पाचगणीला चीज बनवायला शिकलेली. शेळीचं चांगलं दूध मी मुद्दाम नासवते म्हणून त्या मला रोज शिव्या घालतात, आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

चीज कापलं की कडा, कोपरे, वाळके तुकडे उरतात. फ्रान्सच्या खेड्यांत ते टाकत नाहीत. लसूण, मिरी आणि पांढरी वाइन घालून वाटतात, चार दिवस मुरवतात आणि पावाला फासतात. मीही तेच करून एक बरणी भरली. वाइन माझ्या नवऱ्याने, रविराजने, सांगलीहून गुपचूप आणली आणि मी ती व्हिनेगरच्या बाटलीत भरून ठेवली. लपवायला कारण होतं. सासऱ्यांनी, आकाराममामांनी, अकरा वर्षांपूर्वी बिरोबाचा भंडारा उचलून, त्याची शपथ घेऊन, दारू सोडली होती. त्याआधी नशेत त्यांनी सासूबाईंचा उजवा हात मोडला होता. त्या हाताने त्यांना अजून धार काढता येत नाही.

हेच सासरे रविवारी सगळी शेरडं व्यापाऱ्याला देणार होते. शेरडं गेली की माझं चीज संपलं. मग या घरात मी फक्त भाकऱ्या थापायच्या. म्हणून मी साताऱ्याच्या एका हॉटेलवाल्याला, धैर्यशीलला, चव बघायला बोलावलं.

रविराजसह घरचे सगळे ओसरीवर जमले होते. त्याने बरणीतलं थोडं भाकरीला लावून खाल्लं, परत मागून घेतलं. "वहिनी, महिन्याला वीस किलो द्या. लय भारी झालंय."

आता विका बघू शेरडं, अशा नजरेने मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

तेवढ्यात सासूबाईंना देव आठवला. तोवर बरणीकडे नाक मुरडणारी बाई तरातरा उठली. "दुधाचं पयलं देवाला, मग गिऱ्हाइकाला. येवढं बी आयनं शिकवलं न्हाई व्हय तुला?" त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर बरणीतलं भरपूर थापलं, देवघरातल्या बिरोबापुढे ठेवलं, हात जोडले आणि तोच प्रसाद नेऊन सासऱ्यांच्या हातात दिला.

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं आणि शेरडं वाचली असती. या माणसाची शपथ मोडली तर माझं काय जातं, असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू? पण समोर सासूबाईंचा तो वाकडा हात होता.

"मामा, खाऊ नका! त्यात दारू हाय!"

धैर्यशील खाली बघायला लागला. सासूबाई अंगावर आल्या. "भवाने, माझ्या देवापुढं दारू ठिवलीस?"

सासरे मात्र जराही दचकले नाहीत. त्यांनी तुकडा नाकाशी धरला होता आणि डोळे मिटले होते. बरणी उघडली तेव्हाच त्यांना वास कळला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"कशाला बोललीस गं?" ते म्हणाले. "परसाद म्हणून खाल्लं असतं. न कळता खाल्लं, तर देव बी काय बोलला नसता." आणि त्यांनी तोंड उघडलं.

सासूबाईंनी डाव्या हाताने फटका मारून तुकडा उडवला. दुधाचं काही पायदळी पडू न देणारी बाई त्यावर पाय देऊन उभी राहिली.

"रविवारी शेरडं जाणार. समदी," सासरे ओरडले.

"शेरडं मी चारल्यात, तुमी न्हाई. व्यापारी दारात येऊ दे, कुऱ्हाड घिऊन हुबी ऱ्हाती."

सासऱ्यांनी आम्हा दोघींकडे बघत बोटांना लागलेलं सावकाश चाटून घेतलं. एकेक बोट. मग पायात चप्पल सरकवली आणि आटपाडीच्या रस्त्याला लागले. आटपाडीत त्यांना काय मिळणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रविराज त्यांच्यामागे धावला.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज तोच, शिव्या घालायचा.

"बघत काय बसलीस? त्या मानसाला बरणी बांधून दे. आन आज माझ्यापाशी झोपायचं. आतनं कडी लावायची."