सावली पाडणारा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना धातूचा ठोकळा आहे. दिसतो मुठीएवढा, पण उचलायला जाल तर हात खाली येईल. किरणोपचाराच्या मशीनमधून येणारे किरण जिथे पोहोचायला नकोत, तिथे त्यांना अडवायचे, एवढेच माझे काम.

साचेवाले काका मला वितळवून रोग्याच्या मापाने ओतत. आज कुणाच्या फुप्फुसाचा आकार, उद्या कुणाच्या मूत्रपिंडाचा. उपचार संपले की पुन्हा भांड्यात. इतकी रूपे झाली की सुखदुःख काही उरले नाही. माणसे माझ्याखाली रडत आणि मी थंडच असे.

एकदा मला शिवणकाम करणाऱ्या एका मावशींसाठी ओतले. त्यांच्या नाकात गाठ होती. उजवा डोळा आजाराने आधीच गेला होता, डावा मला झाकायचा होता. रोज मशीनवरची ताई किरणांच्याच वाटेने उजेड टाकणारा मशीनचा छोटा दिवा लावी आणि माझी सावली त्या डोळ्यावर पडे. मग ती बाहेर जाऊन किरण सुरू करी.

मला ज्या काचेसारख्या पाटीवर बसवून मशीनला लावत, ती एके दिवशी तडकली. काकांनी घाईघाईत मला नव्या पाटीवर बसवले, तेही उलटे, डावी बाजू उजवीकडे. गंमत अशी, की मी उलटा असलो तरी पाटीच्या मधोमधची खूण बरोबर जुळते. सकाळी मशीन बंद पडल्याने बाहेर ही रांग! ताईने खूण तेवढी पाहिली आणि ती दाराकडे वळली. माझी सावली गेलेल्या डोळ्यावर पडली होती. मला ते कळत होते, पण काहीच वाटले नाही.

मावशींनी हात वर केला.

"ताई, थांब गं जरा. आज डोळ्यात उजेड येतोय."

"मावशी, हलायचं नाही म्हटलं ना?"

"हलतेय कुठे? रोज या डोळ्यावर अंधार असतो. आज नुसतं भगभगतंय. बघ तरी!"

ताईने वाकून पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणीच पळाले. काकांनी मला सरळ बसवले आणि सावली डाव्या डोळ्यावर पडते ना, ते दोनदा पाहिले.

"वाचला ना डोळा?" मावशी म्हणाल्या. "मग आटपा आता. घरी सुईत दोरा ओवून द्यायला कुणी नाही मला."

पुढे नवे मशीन आले. त्याच्या पोटातल्या सरकत्या पट्ट्याच आता सावली पाडतात. मला कुणी वितळवतही नाही. साचाखोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मी त्याला टेकून पडून असतो. येणाऱ्याजाणाऱ्याला काका कौतुकाने सांगतात, "या ठोकळ्यानं एका बाईचा डोळा वाचवला."

मित्रांनो, ते खरे नाही. मशीन कितीही हुशार असो, सुरू करण्याआधी खाली झोपलेल्या माणसाला एकदा विचारा. त्याने हात वर केला, तर थांबा. माझ्यावर विसंबू नका. त्या दिवशी मावशी गप्प राहिल्या असत्या, तर मीही गप्पच राहिलो असतो.