खिंडीतला बेडूक आणि त्याची डुलकी

मित्रांनो, मी एक जुना दगडी बेडूक आहे. तळ्यातला नव्हे, एका व्हिडिओ गेममधला. त्या गेममध्ये रानोमाळ भटकून चित्रविचित्र प्राणी गोळा करायचे असतात आणि त्यांना झुंजवत पुढे जायचे असते. पहिल्याच खिंडीत जो वाट अडवून बसला आहे, तो मी. मला सगळे ‘बॉस’ म्हणतात. प्रत्यक्षात माझ्या हाताखाली एक माशीसुद्धा नाही.

शिवणकामाच्या दुकानावरील एका अरुंद खोलीत माझा जन्म झाला. तिथे दोनच माणसे काम करीत. चित्रकार ताईने मला रूप दिले: पाठीवर शेवाळ, जड पापण्या आणि कायमचे कंटाळलेले तोंड. मला बळ दिले ते तिच्या मित्राने. मी किती मार सोसावा आणि किती द्यावा, हे सारे त्याच्या तक्त्यात लिहिलेले असे, म्हणून मी त्याला आकडेवाला म्हणतो. तो अबोल होता. एकाच आकड्याकडे तो चहा गार होईपर्यंत पाहत बसे, आणि मग गार चहाकडे तितकाच वेळ पाहत बसे.

त्याने मला एक विद्या दिली. दोनदा मार खाल्ला की मी डुलकी काढतो आणि डुलकीत माझी गेलेली ताकद परत येते. कामाच्या वेळी झोपून कौतुक मिळवणारा मी एकटाच असेन.

मित्रांनो, पहिल्या बॉसचे खरे काम हरणे हे असते. मात्र हरायचे बेताने. तो लगेच हरला तर खेळणाऱ्याला काही कमावल्यासारखे वाटत नाही. हरलाच नाही, तर खेळणारा गेम बंद करून निघून जातो. माझ्या पाठीमागे तर ताईने दोन वर्षे खपून रंगवलेले सगळे जग होते. मी वाट सोडली नाही, तर ते कोणाच्याही नजरेस पडणार नव्हते.

गेमच्या आरंभी तीन पिल्लांपैकी एक निवडायचे असते: पाणमांजर, ठिणग्या शिंकणारे कोकरू किंवा पालवी फुटलेला मुंगूस. ताई आणि आकडेवाला गेम तपासताना घाईघाईने बटण दाबत आणि पहिलेच असलेले पाणमांजर घेऊन माझ्याकडे येत. पाण्यापुढे दगडाचे काय चालणार? मी धाडकन कोसळे. “फारच सोपा आहे हा,” असे पुटपुटत आकडेवाला माझी डुलकी थोडी वाढवी. असे तीनशे वेळा झाले. मी अधिकाधिक गाढ झोपू लागलो.

गेम बाजारात यायला चार दिवस उरले असताना आकडेवाल्याची आत्या त्याचा विसरलेला चष्मा घेऊन आली. जिना चढून तिला दम लागला होता.

“बसते जरा. बघू तरी, तीन वर्षं काय करतोयस ते.” तिने पिल्ले निरखली. “हे कोकरू घेते. शिंकतंय बिचारं.”

“आत्या, पाणमांजर घे. सगळे तेच घेतात.”

“सगळे म्हणजे कोण रे?”

“आम्ही दोघं.”

आत्याने कोकरूच घेतले. ते दोनदा शिंके, मी एकदा झोपे. चाळीस मिनिटे गेली. खालची शिलाईयंत्रे जेवायला थांबली, पण मी थांबलो नाही.

“हा मेला लढायला आलाय की झोपायला?” आत्या म्हणाली. “अगदी तुझ्या बाबांवर गेलाय. कितीही बोला, झोपून उठला की पुन्हा ताजा!”

अखेर कोकरूच थकून आडवे झाले. आत्याने खेळायचे यंत्र हळूच टेबलावर ठेवले. “छान आहे हो,” ती म्हणाली. नातेवाइकांच्या ‘छान’मध्ये किती दुःख मावते, ते मला त्या दिवशी कळले. “पुढे काय आहे?”

“पुढेच तर सगळं आहे, आत्या.”

“मग मला जाऊ का देत नाहीस?”

आकडेवाल्याने तक्ता उघडला. कोकराच्या दोन शिंकांनी माझी ताकद चाळीसने घटत होती आणि एका डुलकीत पन्नासने वाढत होती. त्याचा चेहरा उतरला.

“तीनशे वेळा तपासलं गं आपण,” तो ताईला म्हणाला.

“तीनशे वेळा एकच बटण दाबलं,” ताई म्हणाली. “काढून टाक ती डुलकी.”

मी हादरलो. डुलकी गेली, तर मी म्हणजे नुसता रस्त्यातला धोंडा!

“मग पाणमांजरवाले फुंकर मारून पुढे जातील,” आकडेवाला म्हणाला. ताई आपल्या रंगवलेल्या जगाकडे पाहत राहिली.

आत्या चपला घालता घालता थांबली. “लहानपणी तुझ्या बाबांना दुपारी झोपू द्यायचं नसलं, की मी कानाशी डासासारखी गुणगुणायची. काय चिडायचा! पण डोळ्याला डोळा लागायचा नाही.”

आकडेवाला इतक्या जोरात उठला की खुर्ची मागे पडली.

त्या दोघांनी खिंडीच्या अलीकडच्या गवतात एक डास सोडला. त्याला पकडून आणले की तो माझ्या कानाशी गुणगुणतो आणि माझी झोप उडते. पिल्लू कोणतेही असो, सोबत डास असला की मला हरवता येते. ज्याला मी जिभेच्या शेंड्याने उचलावे, त्याच्यामुळे हरायचे! सगळ्या बेडूकजातीत तोंड दाखवायला जागा उरली नाही.

शेवटच्या दिवशी आत्या पुन्हा आली. कोकरू शिंकले, डास गुणगुणला, मी डोळे मिटले आणि चिडून उघडले. एका कडव्या झुंजीनंतर मी कोसळलो. इतक्या समाधानाने कोणी कोसळले नसेल. आत्या माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेली. माझे तोंड अलीकडे, म्हणून मला काही दिसले नाही. फक्त तिचा आवाज ऐकू आला.

“अगं बाई! हे सगळं तू रंगवलंस?”

ताई नाक पुसत होती.

त्याला आता बरीच वर्षे झाली. कित्येक मुलांनी मला हरवले, कित्येकांनी शिव्या घातल्या, आणि पुढे गेलेल्यांपैकी कोणी मला भेटायला म्हणून मागे आले नाही. मला त्याचे वाईट वाटते. मग एक डुलकी काढतो आणि बरे वाटते.

मित्रांनो, तुम्हीही कधी कोणासाठी खेळ रचाल, कोडे घालाल, प्रश्नपत्रिका काढाल. ते आधी अशा माणसाला द्या, ज्याला उत्तर ठाऊक नाही, आणि त्याच्याशेजारी गप्प बसून राहा. आणि माझ्याकडून हरलात, तर यंत्र आपटू नका. पाणी प्या, गवतात नीट शोधा, उद्या परत या. मी कुठेही जाणार नाही. तुमच्याकडून हरण्यासाठीच तर बसलो आहे.