बेलाची परडी

ईट गावच्या वीरप्पा वाण्याला बार्शीच्या डॉक्टरनं स्पष्ट बजावलं होतं, "गादीवर बसून चरबी चढली आहे. रोज तासभर सायकल चालवा, नाहीतर हा दम जिवावर बेतेल."

सायकल घरात होतीच. पण पाच लेकरांच्या बापानं भरलं दुकान सोडून बिनकामाचं हिंडायचं? गावानं दात काढले असते. घरात तर तो प्रत्येकाला हवा असे. बायकोला, गिऱ्हाइकाला, लेकीच्या सोयरिकीला. स्वतःला मात्र तो कधी मिळायचाच नाही.

मग वीरप्पानं पळवाट काढली. त्याचे वडील शिवलिंगप्पा रोज इष्टलिंगाची पूजा करत, पूजेआधी पाण्याचा घोटही घेत नसत. "बेल धुळाप्पाच्या विहिरीवरचाच चांगला," असं यानं जाहीर करून टाकलं. विहीर दोन कोस लांब. पहाटे हँडलला परडी अडकवायची आणि सुटायचं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं "किधर?" म्हटलं की परडी दाखवायची. बापाच्या पूजेला कोण आडवं येणार! आठ महिन्यांत पोट उतरलं, आणि मुख्य म्हणजे तो एक तास त्याचा एकट्याचा झाला.

एका सोमवारी पहाटे बिभीषण गुरव टोपली घेऊन दारात उभा. "तुमच्या अप्पांनी रोजचा बेल माझ्याकडं लावलाय. आता तुमाला दगदग न्हाय."

वीरप्पानं बाहेर काढलेली सायकल पुन्हा भिंतीला टेकवली. चार दिवस त्याला गादीवर बसवेना. हातात तागडी असली तरी पाय खाली चुळबुळत. माळवदाची शिडी चढताना पुन्हा धाप लागली आणि तो घाबरला. पाचव्या सकाळी राहवलं नाही, तेव्हा बोलून गेला, "या गुरवाचा बेल किडका हाय."

शिवलिंगप्पांनी पान न् पान उजेडाकडे धरलं. एकालाही भोक नव्हतं. ज्या घरात गळ्यात लिंग, त्या घरात बेलाबद्दल खोटं! वीरप्पाची मान खाली गेली.

"अप्पा, बेलाचं निमित्त होतं. म्या सायकलसाठीच जात होतो. डॉक्टरनं सांगितलंय."

"आरं, तू आल्यावर ओट्यावर धापा टाकतूस. माझ्या बेलापायी लेकरू मरंल म्हणून बंद केलं म्या."

"दम लागतो म्हणूनच तर जातो, अप्पा."

 दुसऱ्या पहाटे म्हाताऱ्यानंच हँडलची परडी काढून घेतली. "मोकळा जा. कुणी इचारलं तर खरं सांग."

नाक्यावर शिपायानं "किधर?" केलं. वीरप्पाची जीभ अडखळली. "कहीं नई. फिरनेकू." शिपाई खो खो हसला. हसेना का! वीरप्पा विहिरीच्याही पुढे गेला, वाटेत निवांत टेकला, आणि ऊन चांगलं वर आल्यावर घरी परतला.

दारातच पार्वतम्मा, त्याची बायको, कुरकुरली, "सकाळपास्नं पाण्याचा थेंब घेतला न्हाय मामंजींनी."

शिवलिंगप्पा ओट्यावर बसून होते. कपाळ कोरडं, भस्माचं बोट लागलेलं नाही. शेजारी गुरवाचा बेल तसाच.

"बेल तर घरात होता की, अप्पा."

"व्हय. पण आठ महिनं तुझ्या सायकलची घंटी ऐकूनच पूजेला बसायलोय. मधले चार दिस तू घरातच होतास. आता तू भाईर, तू आल्याबिगर हात कसा चालंल?" असं म्हणत म्हातारा गुडघ्यावर हात रोवून उठला.

दुसऱ्या दिवशीही वीरप्पा तितकाच लांब गेला. येताना मात्र पाय जरा जोरात मारले, आणि वेशीपासूनच घंटी वाजवत आला.