दुसरा शब्द

मास्तरांनी टेबलावरची बशी बाजूला सारली आणि पुठ्ठ्याचं कार्ड बायकोपुढे ठेवलं. अक्षर मोठं, सुटं; पहिलीच्या मुलांसाठी काढायचे तसं.

"पाणी. याला दुसरा शब्द?"

"जल," ती म्हणाली. जरा थांबून, "नीर."

"शाब्बास."

मुलगी ओट्याला टेकून उभी होती. आईला मेंदूचा झटका आल्यापासून ती अधूनमधून यायची. आज मात्र ठरवायलाच आली होती. वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती आणि त्यांना आजच हो की नाही ते हवं होतं. 'तुम्हाला ओळखते तोवर घरीच राहू दे,' एवढं तिने बाबांना कबूल केलं होतं.

"झाड?"

"वृक्ष. तरू. सोपं सोपं काय विचारता? पोरं जांभया देतील."

मुलीला हसू आलं. तेवढ्यात मास्तरांनी तिचा फोटो पुढे केला.

"ही कोण?"

"ही ना? आपली पोर."

"नाव सांग."

बायकोने फोटोकडे पाहिलं, मग ओट्याकडे. ओठ हलले, मिटले. "समोर तर उभी आहे. हाक कशाला मारू?"

मास्तर मुलीकडे वळले. वर्गातल्या कच्च्या पोराची बाजू घेताना लागायचा, तसा त्यांचा आवाज लागला.

"विशेषनामं अवघड जातात गं. पाणी आठवलं नाही तर जल म्हणता येतं. तुझ्या नावाला बदली शब्द कुठून आणेल ती? बाकी सगळं जागेवर आहे."

"आणि तुम्ही?"

"माझं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नाही. पण आत्ता कशी झापली मला, ऐकलंस ना? परक्याला कोणी असं झापतं?"

मुलीने आईकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला. "बरं. नाही म्हणून कळवते," म्हणाली आणि गॅलरीत गेली.

मास्तरांनी श्वास सोडला. उठून ते कार्डं गोळा करू लागले.

बायकोने केस कानामागे सारले. शेजारची खुर्ची हाताने पुसली आणि त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ना. उभे का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "हे येतीलच इतक्यात. शिकवणीचं त्यांच्याशीच बोला, मला त्यातलं कळत नाही. पण शिकवतात छान. पोरांवर कधी हात नाही उगारला."

मास्तरांच्या हातातली कार्डं तशीच राहिली. उत्तर चुकलं की ते कधी घाई करत नसत. मूल आपणहून सुधारेल म्हणून थांबत. आताही ते थांबले. ती त्यांच्याकडे बघून हसली, आलेल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

मुलगी आत आली. "सांगितलं त्यांना. काय म्हणत होती आई?"

"बसा म्हणाली," मास्तर म्हणाले, आणि खुर्चीच्या कडेवर बसले.